एन्स्लेव्ह्डने ब्लॅक मेटल सोडले असे म्हणावे का?

एन्स्लेव्ह्ड या नॉर्वेच्या बँडचे जुने आणि अलीकडचे अल्बम एकाच बँडचे वाटत नाहीत, तेव्हा त्यांनी ब्लॅक मेटल (किंचाळत्या आवाजाचा, वेगवान आणि कर्कश असा हेवी मेटलचा प्रकार) सोडले असे समजावे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तसे समजू नये, कारण पुढे जे बदल झाले त्यांचे बीज पहिल्याच अल्बममध्ये आहे.

१९९१ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा गिटारवादक ईवार ब्यॉर्नसन १३ वर्षांचा आणि गायक व बेसवादक ग्रुटले शेल्सन १७ वर्षांचा होता. १९९४ च्या ‘विकिंग्लिग्र वेल्दी’ या पहिल्या अल्बममध्ये पाचच रचना आहेत आणि त्यांपैकी चार दहा मिनिटांहून मोठ्या आहेत. ड्रम्स अखंड धावत असतात, पण गिटारचा एकच रिफ (छोटी, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) दीर्घकाळ घोळवला जातो आणि त्यामागे कीबोर्डचे सूर इतक्या सावकाश सरकतात, की वेग जाणवेनासा होऊन केवळ वातावरण उरते. इतक्या लहान वयात रचनेला विस्तार देण्याचा हा धीर मला आजही थक्क करतो. १९९७ च्या ‘एल्द’ची सुरुवात तर सोळा मिनिटांच्या रचनेने होते आणि तिच्यात ग्रुटले किंचाळण्याऐवजी खुल्या आवाजात गातो. ‘ब्लोदहेम्न’ हा त्यानंतरचा अल्बम मात्र पुन्हा आखूड आणि आक्रमक आहे, म्हणजे हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही.

खरे वळण २००३ च्या ‘बिलो द लाइट्स’मध्ये येते. त्यात मेलोट्रॉन (ध्वनिफितींवर चालणारे जुने कीबोर्ड वाद्य) आहे, बासरी आहे, आणि सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब व गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची, ओढ उघडपणे ऐकू येते. पुढच्याच वर्षी ‘इसा’मध्ये हर्ब्रान्ड लार्सन कीबोर्ड आणि मोकळा, सुरेल आवाज घेऊन आला. ग्रुटलेचा खरखरीत आवाज आणि लार्सनचे गाणे यांचा संवाद हीच तेव्हापासून बँडची ओळख झाली. २०१६ मध्ये लार्सन बाहेर पडल्यावर आलेल्या होकोन विन्येनेही ती टिकवली. (सुरेल गायन आले म्हणजे धार गेली, हे मत मला पटत नाही, त्या गायनामुळे पुढचा कर्कश भाग अधिक बोचतो.)

आपण ऐकायला सुरुवात ‘इसा’पासून करावी. त्यानंतर पहिल्या अल्बममधील ‘हाइमदाल्र’ ही रचना आणि २०२३ चा ‘हाइमदाल’ हा अल्बम, दोन्ही एकाच नॉर्स देवतेच्या नावाचे, एकाच बैठकीत हेडफोन लावून ऐकावेत.