दादर एक की दोन? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की दादरला गाडी बदलता आली की माणूस मुंबईकर झाला समजा. झालं, पत्रांचा ढीग! कोणी शाबासकी दिली, कोणी भांडलं, आणि बऱ्याच जणांनी सरळ प्रश्नच विचारले. म्हणून यावेळचं सदर पूर्ण दादरला.

प्रश्न : मी डोंबिवलीची. वीस वर्षं दादरला उतरून ब्रिज चढून वेस्टर्नला जाते. एकच स्टेशन आहे तर सगळं वेगवेगळं का? तिकीट खिडक्या वेगळ्या, अनाउन्समेंट वेगळी, इंडिकेटर वेगळे. एकत्र करायला काय हरकत होती?

ताई, कारण ते एक स्टेशन कधी नव्हतंच. ती दोन शेजारची घरं आहेत, मधे भिंत आहे आणि वरून आपण जिने टाकलेत, एवढंच.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, १४ डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. ती कंपनी म्हणजे जीआयपी, आपले आजोबा जिला ‘जायपी’ म्हणायचे. तिला ठाण्यावरून कल्याणला आणि तिथून घाट चढून देशावर जायचं होतं, कापूस तिकडे होता ना, त्यामुळे तिची लाइन शीव, कुर्ला अशी ईशान्येकडे वळली. दुसरी कंपनी बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया. ती गुजरातकडून खाली आली, वसईची खाडी ओलांडून माहीममार्गे. १२ एप्रिल १८६७ ला तिने विरारहून बॅकबेपर्यंत रोजची लोकल सुरू केली, सकाळी एक येणार आणि संध्याकाळी एक परत जाणार, बस्स, आणि तिच्या थांब्यांच्या यादीत दादर होतं. (आज विरारकराला दिवसातून एकच गाडी आहे म्हणून सांगून बघा.)

आता मुंबई म्हणजे चिंचोळं बेट. दोघींनाही दक्षिणेला बंदराकडे, फोर्टकडे जायचं. मग दादर आणि परळच्या पट्ट्यात दोघींचे रूळ अगदी खेटून आले, आणि पुढे परत फाटले, एक भायखळ्याकडे, एक महालक्ष्मीकडे. पण कंपन्या वेगळ्या, इंजिनं वेगळी, स्टाफ वेगळा, हिशोब वेगळा. कोणाला काय पडलंय शेजारणीच्या पॅसेंजरची! वीजसुद्धा दोघींनी आपापल्या सवडीने आणली, जीआयपीने ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर, बीबीसीआयने ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली. १९२५ मधेच जीआयपी आणि पुढे १९४२ मधे बीबीसीआय सरकारकडे गेली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला एकीची मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम रेल्वे. नावं बदलली, मालक एकच झाला, पण चूल वेगळी ती वेगळीच. रेल्वेच्या कागदावर आजही दोन दादर आहेत, मध्यचा कोड डीआर आणि पश्चिमचा डीडीआर. लांबच्या गाडीचं रिझर्व्हेशन करताना नीट बघा, कारण त्या एका ‘डी’साठी मी एकदा दोन बॅगा आणि बायकोचे टोमणे घेऊन पूर्ण ब्रिज धावत पार केलाय.

म्हणून मी म्हणतो की दादरला जे काही विचित्र वाटतं ना, त्यातल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर हेच असतं, दोन कंपन्या.

प्रश्न : आई पुण्याहून आली आणि फोनवर म्हणाली मी चार नंबरवर उभी आहे. मी मध्य रेल्वेवर शोधतोय, तिथे चार नंबरच नाही. ती वेस्टर्नच्या चारवर होती! हे नंबर कधी बदलले? – विरार

९ डिसेंबर २०२३ पासून. त्याआधी दादरला एक नंबर दोन होते, दोन नंबर दोन होते, सगळंच डबल. नवीन माणूस ‘तीन नंबर कुठे’ विचारायचा आणि दादरकर उलट विचारायचा, ‘कुठला तीन, सेंट्रल की वेस्टर्न?’ आता पश्चिमचे १ ते ७ तसेच ठेवलेत आणि मध्यचे त्यांच्या पुढे मोजतात, म्हणजे ८ ते १४.

जुन्या लोकांसाठी हिशोब सांगतो. मध्यचा जुना १ म्हणजे आता ८, जुना ३ म्हणजे ९, ४ चा १०, ५ चा ११, ६ चा १२, ७ चा १३ आणि ८ चा १४. आणि जुना २? तो गेला. एक आणि दोन एकाच फलाटाच्या दोन बाजू होत्या आणि तो फलाट इतका अरुंद की गर्दीच्या वेळी लोकल आली की पोटात गोळा यायचा. सप्टेंबर २०२३ मधे दोन नंबर बंद करून तेवढी जागा एक नंबरला दिली, आणि तिथून सुटणाऱ्या दादर लोकल परळहून सुटायला लागल्या. ज्यांची दादरहून बसून जायची सोय गेली ते अजून कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर मीही त्यातलाच, विंडो सीट हातची गेली. पण तो जुना फलाट आठवला की गप्प बसतो.

तुमच्या आईंचं मात्र चुकलं नाही हं. त्यांना चार दिसलं, त्यांनी चार सांगितलं. आता अख्ख्या दादरमधे चार नंबर एकच आहे, शोधायला तुम्हीच चुकीच्या बाजूला गेलात.

प्रश्न : दादर टीटी मधला टीटी म्हणजे काय? माझा मुलगा म्हणतो टेबल टेनिस.

मुलाला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. स्टेशनच्या पूर्वेला आहे ते, कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघाली ती दादरलाच आली. रूळ उखडले, नाव राहिलं. टॅक्सीवाल्याला खोदादाद सर्कल सांगा, तो तुमच्या तोंडाकडे बघेल, टीटी म्हणा, मीटर टाकेल.

प्रश्न : इंडिकेटरवर ‘एस’ बघून स्लो समजून चढलो, गाडी फास्ट निघाली आणि घाटकोपरला उतरायचं राहिलं. हे काय गौडबंगाल आहे? – नोकरीनिमित्त नाशिकहून नवीन आलेला

अहो तुम्ही एकटे नाही, यात दरवर्षी नवीन बॅच फसते. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर दोन अक्षरं असतात. एक गाडी कुठे जाणार त्याचं, दुसरं फास्ट का स्लो. गंमत अशी की कर्जतचं अक्षर ‘एस’ आणि कसाऱ्याचं ‘एन’. कल्याणनंतर लाइन फुटते, एक फाटा ईशान्येला कसारा, दुसरा आग्नेयेला कर्जत, त्या नॉर्थ-साउथ वरून आलेली ही अक्षरं. म्हणजे नुसतं ‘एस’ बघून भागत नाही, ते कुठल्या जागेवर आहे ते बघायचं. तुम्ही नाशिकचे, तर ‘एन’ म्हणजे नाशिकच्या बाजूचं असं लक्षात ठेवा, चुकणार नाही.

बाकी तिथेच डब्यांचा आकडा असतो, १२ किंवा १५, आणि किती मिनिटांत येणार ते. बायकांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर हिरवे-पिवळे पट्टे असतात. आणि ‘अनाउन्समेंटकडे लक्ष द्या’ असं मी सांगणार नाही कारण गाड्यांच्या आवाजात दादरला ती ऐकू आली तर तो योगायोग समजायचा.

प्रश्न : आईचे गुडघे गेलेत. ठाण्याहून अंधेरीला डॉक्टरकडे न्यायचं असतं, दर महिन्याला. दादरला लिफ्ट आहे का? आणि दोन रेल्वे म्हणजे दोन तिकिटं काढायची का?

दुसऱ्याचं आधी सांगतो, एकच तिकीट. ठाण्याहून अंधेरीचं मागा, दादरमार्गे मिळतं, ते दोन्हीकडे चालतं, पासही तसाच निघतो. फक्त लोकलचं तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, डबा भरायला घरी परत जाऊ नका.

लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, दोन्ही बाजूंना आहेत. पण सरकता जिना तुमच्या दिशेने चालू असेल का, लिफ्टसमोर रांग किती असेल, याची खात्री मी काय कोणीच देणार नाही. मला विचाराल तर आईंना दादरला आणूच नका. ठाण्याहून घाटकोपरला उतरा, तिथे मेट्रो आहे, जून २०१४ पासून चालू आहे, थेट अंधेरी. स्टेशनपासून मेट्रोला ब्रिजनेच जाता येतं, गाडी एसी, वेळही वाचतो. तिकीट वेगळं काढावं लागतं आणि पैसे जास्त जातात, पण गुडघ्यापुढे त्याचं काय. ही मेट्रो यायच्या आधी पूर्व-पश्चिम करायचं म्हणजे दादरला खाली येऊन परत वर जायचं, अख्खं इंग्रजी व्ही अक्षर गिरवायचं. दोन कंपन्यांनी उत्तर-दक्षिण रूळ टाकले, आडवा कोणीच टाकला नाही, त्याचा भुर्दंड आपण दीडशे वर्षं भरला.

(काही जण दादरची गर्दी टाळायला परळ-प्रभादेवीला बदलतात. तिथेही तीच गत, दोन रेल्वेंची दोन स्टेशनं आणि वर ब्रिज. तेव्हा प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं, २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, मागून गाड्या येतच राहिल्या, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. नंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मधे उघडला. तेव्हापासून मी पावसात ब्रिजच्या जिन्यावर थांबत नाही, भिजतो पण थांबत नाही.)

प्रश्न : भूमिगत मेट्रोचंही दादर झालंय ना? मग लोकलमधून उतरून खाली मेट्रोत जाता येतं का?

नाही हो, तेच तर. आता तिसरं दादर झालं! मे २०२५ मधे उघडलं, पण ते पश्चिमेला सेना भवनाच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनला चिकटून नाही. रानडे रोडची खरेदी चुकवत चालायचं. ते जमलं तर पोचाल.

प्रश्न : गणपतीत दादरला फुलं घ्यायला किती वाजता यावं?

जितक्या लवकर याल तितकं. पश्चिमेला बाहेर पडलात की फुलबाजार तिथेच, पहाटे ट्रक आणि लोकलचा लगेज डबा दोन्हीकडून माल उतरत असतो. आठ वाजता आलात तर फुलं मिळतील, भाव नाही मिळणार. आणि झेंडूची मोठी पिशवी घेऊन सकाळच्या गर्दीत साध्या डब्यात चढू नका, लगेजच्या डब्यात जा, नाहीतर घरी पोचेपर्यंत पाकळ्याच उरतील.

प्रश्न : तुतारी एक्स्प्रेसचं शनिवारचं तिकीट होतं. शनिवारी रात्री जेवून सहकुटुंब दादरला आलो, तर टीसी म्हणाले तुमची गाडी काल गेली. असं कसं? – सावंतवाडीकर, मुक्काम बोरिवली

दादा, तुमच्या दुःखात सहभागी आहे. तुतारी दादरहून सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. बारा वाजले की रेल्वेची तारीख बदलते, आपली मात्र झोपून उठल्याशिवाय बदलत नाही. तुमचं शनिवारचं तिकीट म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं होतं. शनिवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या चाळीत एक गृहस्थ होते ते म्हणायचे, कोकणात जायचं तर कॅलेंडर पुढचं बघायचं आणि घड्याळ मागचं.

तसं मुंबईने याहून मोठे घोळ केलेत. देशाची प्रमाणवेळ १९०६ ला लागू झाली, पण मुंबई महापालिकेने आपली बॉम्बे टाइम सोडली नाही, ३९ मिनिटं मागे, थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. म्हणजे रेल्वेची वेळ एक आणि शहराची दुसरी. तेव्हाच्या लोकांनी गाड्या कशा पकडल्या असतील देव जाणे.

तुमच्या बुडालेल्या तिकिटाचे पैसे मिळणं कठीण आहे. यंदा गणपतीचं बुकिंग करताना आधी वहिनींना तारीख दाखवा आणि मगच पैसे भरा. आणि बोरिवलीहून येताना पश्चिमच्या फलाटावर उतराल, तुतारी मध्यच्या बाजूने सुटते, तेव्हा ब्रिजसाठी पंधरा मिनिटं हातची ठेवा, सोबत काजूच्या पिशव्या असतील तर वीस. जाताना नसतील म्हणा, त्या येताना असतात.