पिस्तुलावर चाळीस टक्के, टर्मवर शून्य

प्रश्न: मी कळंबोलीला राहतो, वय ४४. माझे दोन ट्रेलर आहेत, स्टील मार्केटची भाडी मारतो. भाड्याची आणि ड्रायव्हरच्या खर्चाची रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं. तीन महिन्यांपूर्वी तळोज्यापासून एक बाइकवाला मागे लागला होता. तेव्हापासून पिस्तूल घ्यायचं डोक्यात आहे. मला १९११ पद्धतीचं, जुन्या घडणीचंच आवडतं. ओळखीतून एक जुनं परदेशी सात लाखांत मिळतंय, नाहीतर सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं, ९५ हजार अधिक कर. जुन्याची किंमत वाढतच जाते, म्हणजे गुंतवणूकही होईल. परवान्याचं काम करून देणाऱ्याला ५० हजार टोकन दिलंय. पैशांसाठी २०२३ची गॅरंटीड पॉलिसी मोडावी का? घरी पत्नी, १४ आणि ९ वर्षांच्या दोन मुली आणि आई. घराचं कर्ज ४६ लाख, ट्रेलरचं २२ लाख, घरखर्च महिना ७० हजार. ३६व्या वर्षी घेतलेला एक कोटीचा टर्म विमा होता, मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, वर्षाला १८ हजार. पण त्यात काहीच परत मिळत नाही म्हणून गेल्या जूनपासून भरला नाही. दिवाळीत शुगर निघाली, गोळी चालू आहे.

उत्तर: पिस्तुलाचं आधी उरकून घेऊ. ते सोपं आहे.

१९११ हे जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेलं पिस्तूल. अमेरिकी सैन्याने ते त्याच साली स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत वापरलं. .४५ची गोळी, मॅगझिनमध्ये सात, आणि रिकामं असतानाच वजन किलोच्या वर. घडण देखणी आहे, वाद नाही. ‘पहिलं १९११ स्वस्तात कसं घ्यावं’ असं काही तुम्ही वाचलं असेल तर ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं असतं. तिकडे फिलिपिन्सची, तुर्कस्तानची नवीकोरी १९११ दुकानात मांडलेली असतात. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला बाहेरून हत्यार आणणं १९८०च्या दशकापासून बंद आहे. त्याआधी जे आलं तेच हातोहात फिरतंय. तुम्हाला सांगितलेले सात लाख पिस्तुलाचे नाहीत, टंचाईचे आहेत. आणि गुंतवणूक म्हणाल तर ती विकणार कोणाला? घेणाराही परवानेवालाच हवा, त्याचे कागद हवेत, आणि भाव तो म्हणेल तो. ज्याला रोजचा भाव नाही आणि घ्यायला रांग नाही, त्याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

उरलं .३२. ९५ हजारांवर ४० टक्के जीएसटी म्हणजे ३८ हजार, एकूण एक लाख तेहतीस. हा कर आधी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल ४० टक्क्यांच्या खणात गेलं. त्या खणात यॉट आहेत, खासगी विमानं आहेत. सरकारने तुमची गरज कोणत्या पंगतीला बसवलीय ते बघा.

टोकनचं ऐका. तुमचा परवाना नवी मुंबईचे पोलीस आयुक्त देणार किंवा नाकारणार. मधल्या माणसाला त्यात खुर्ची नाही. धोका खरा वाटत असेल तर रीतसर अर्ज करा, मागे लागलेल्या बाइकची तक्रार आधी लेखी नोंदवा. ती नोंदवल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. पन्नास हजार परत मागा, आणि परवाना हातात येईपर्यंत पिस्तुलापायी एक रुपया सोडू नका.

बाइकवाला तुमच्या मागे लागला नव्हता, सीटखालच्या पिशवीमागे लागला होता. ती पिशवी हलकी करा. डिझेलला तेल कंपनीचं कार्ड, टोलला फास्टॅग, ड्रायव्हरला यूपीआय, भाडं खात्यात. तरीही जी रोकड उरेल तिच्यासाठी वाटेतल्या रकमेचा विमा मिळतो, ‘मनी इन्शुरन्स’ म्हणून विचारा. एक गोष्ट बजावून सांगतो, एका पार्टीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्यावर रोख घेतले तर जितके घेतले तितकाच दंड बसू शकतो. तेव्हा पिस्तूल कामाला येत नाही.

झालं पिस्तूल. आता पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथेच अडकलो.

‘काहीच परत मिळत नाही म्हणून भरला नाही.’ अहो, दोन्ही ट्रेलरचा विमा दरवर्षी भरता ना? वर्षभर ठोकर लागली नाही, तर पैसे वाया गेले म्हणून रडत बसता का? तिथे तुम्हाला विमा बरोबर कळतो. ट्रेलर ज्याच्या जिवावर फिरतात त्याच्या विम्याची वेळ आली की मात्र परतावा हवा. ही खोड एकट्या तुमची नाही. गेली कित्येक वर्षं एजंट मंडळींनी हेच आपल्या गळी उतरवलंय.

हिशेब करा. आज तुम्हाला काही झालं तर वहिनींच्या डोक्यावर ४६ अधिक २२, म्हणजे ६८ लाखांचं कर्ज. हातात काय? त्या गॅरंटीड पॉलिसीचे मृत्यूनंतर मिळणारे १२ लाख. ट्रेलर विकून काही येतील, पण मालक गेल्याचं कळलं की मार्केट काय भाव देतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. टर्म चालू असता तर एक कोटीतून कर्ज फिटून ३२ लाख उरले असते. घरखर्च वर्षाला साडेआठ लाख, म्हणजे जेमतेम चार वर्षं. धाकटी तेव्हा तेरा वर्षांची असेल. एक कोटीसुद्धा कमीच होता, आणि तुम्ही तोच सोडलात.

सुदैवाने दार अजून पूर्ण लागलेलं नाही. असा बंद पडलेला टर्म पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येतो. राहिलेले हप्ते आणि व्याज भरायचं, तब्येतीचं निवेदन द्यायचं. तुमच्या बाबतीत दोन हप्ते आणि व्याज मिळून पस्तीस-अडतीस हजार. पुढच्या हप्त्यांवर जीएसटी नाही, कारण ज्या दिवशी पिस्तूल ४० टक्क्यांत गेलं त्याच दिवशी वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला.

अडचण शुगरची आहे. कंपनी तपासण्या मागेल, हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. तरी लपवू नका. ‘गोळी चालू आहे हे लिहूच नका’ म्हणणारा कोणीतरी भेटेलच. पॉलिसी पुन्हा चालू झाली की तीन वर्षांची मुदतही नव्याने सुरू होते, आणि त्या काळात खोट्या माहितीवरून कंपनी दावा उडवू शकते. कंपनीने नकार दिलाच तर दुसरीकडे नवा घ्या, वाढीव हप्त्याने का होईना. ३६व्या वर्षी निरोगी असताना मिळालेला दर आता कोणी देणार नाही. त्याची किंमत तुम्ही ‘परत मिळत नाही’ या तीन शब्दांपायी मोजलीत.

जुना सुरू झाला तरी वर आणखी पन्नास लाखांचा वेगळा टर्म बघा. तो घेताना मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली घ्यायचं सांगा. कायदा १८७४चा आहे, पण धंदेवाल्याला आजही कामाचा. त्या रकमेला तुमचे देणेकरी हात लावू शकत नाहीत, ती पत्नी आणि मुलींचीच. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर नाही.

आता गॅरंटीड पॉलिसी. एजंटाने छापील तक्त्यामागे पेनाने लिहून दिलेल्या आकड्यांचा फोटो तुम्ही जोडलाय: ‘१४.४ भरा, २८ घ्या, डबल!!’ उद्गारचिन्हं दोन आहेत, वर्षं कुठेच नाहीत. एक लाख वीस हजार बारा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस २८ लाख मिळणार. हे पडतं साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ ७.१ देतंय, आणि त्याला एजंट लागत नाही.

पण म्हणून ती मोडून पिस्तूल? तीन हप्ते, तीन लाख साठ हजार भरलेत. आज मोडलीत तर हमीचे साधारण ३५ टक्के, सव्वा लाख. म्हणजे ३ लाख ६० हजार घालवून .३२ घ्यायचं, आणि वर सात-आठ हजार खिशातून. मोडू नका. ऑगस्टचा हप्ता भरू नका, पॉलिसी पेड-अप होऊ द्या, जे भरलंय त्याच्या प्रमाणात शेवटी मिळेल. इथून पुढचेच हप्ते धरले तर परतावा जरा बरा दिसतो, आणि एजंट तेच दाखवायला येईल. त्याला सांगा, ट्रेलरचं कर्ज त्याहून महाग आहे. दरसालच्या एक लाख वीस हजारांतून आधी दोन्ही टर्मचे हप्ते, उरतील ते ट्रेलरच्या कर्जात.

काही वर्षांपूर्वी आमच्या नौपाड्यातल्या कार्यालयात एक बाई आल्या होत्या. नवऱ्याला जाऊन अकरा दिवस झालेले. पिशवीतून पॉलिसीचे कागद काढले आणि हळूच विचारलं, ‘कपाटात त्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, त्याचं काय करू?’ परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. ते जमा करावं लागलं, आणि त्यासाठी चौकीच्या बाकावर त्या दोन दुपारी बसल्या. पॉलिसी निघाली चार लाखांची.

सोमवारी शुगरचे रिपोर्ट आणि जुन्या टर्मचा कागद घेऊन कंपनीच्या शाखेत जा. एजंटाकडे नको, शाखेत. पुन्हा चालू करायला किती भरावे लागतील ते लेखी मागा. बाहेर पडल्यावर त्या टोकनवाल्याला फोन लावा.