दोन खुली मानके, तरीही विस्कटलेली फाइल

प्रश्न : लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तयार करून वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात पाठवलेला माझा अहवाल सहकाऱ्याने वर्डमध्ये उघडला, तेव्हा तक्ते सरकलेले होते आणि पानांची संख्या बदलली होती. ओडीटी (लिबरऑफिसचे मूळ स्वरूप) आणि डॉकएक्स या दोन्हींमागे आंतरराष्ट्रीय मानके असताना असे का व्हावे? दीर्घकाळ जपायचे दस्तऐवज कोणत्या स्वरूपात ठेवावेत?

उत्तर : दोन्हींमागे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मानके आहेत, हे खरे. ओडीटी ज्या ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) कुटुंबातले आहे, त्याला ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये आणि आयएसओने २००६ मध्ये मान्यता दिली. डॉकएक्समागचे मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल (ऑफिस ओपन एक्सएमएल) हे स्वरूप सप्टेंबर २००७ च्या आयएसओ मतदानात पुरेशी मते मिळवू शकले नाही. दुरुस्त्यांनंतर एप्रिल २००८ मध्ये ते संमत झाले. सहा हजारांहून अधिक पानांचा मसुदा जलदगती प्रक्रियेने पुढे नेल्याबद्दल तीव्र आक्षेप होते. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपीलही केले, पण ते फेटाळले गेले.

त्या वादातून निघालेली तडजोड आजही आपल्या फाइलींमध्ये आहे. ओओएक्सएमएलचे दोन प्रकार ठरले : नव्या दस्तऐवजांसाठी ‘स्ट्रिक्ट’ आणि जुन्या फाइलींचे वारसाहक्काने आलेले गुणदोष सांभाळणारा ‘ट्रान्झिशनल’. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१३ पासून स्ट्रिक्टमध्ये जतन करण्याची सोय आहे. मात्र वापरणाऱ्याने मुद्दाम निवड केली नाही, तर फाइल ट्रान्झिशनलमध्येच जतन होते. संक्रमणासाठी दिलेली सवलत अशी कायमची झाली, हे माझ्या मते त्या मानकाचे सर्वांत मोठे अपयश आहे.

दोष एकाच बाजूचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ओडीएफच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांनी स्प्रेडशीटमधील (गणनापत्रकातील) सूत्रे कोणत्या भाषेत लिहावीत, हे ठरवलेच नव्हते. परिणामी २००९ मध्ये ऑफिस २००७ ला ओडीएफची सोय मिळाली, तेव्हा इतर सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले गणनापत्रक एक्सेलमध्ये उघडले की सूत्रे गळून जात आणि शेवटचे आकडे तेवढे उरत. पत्रक वरकरणी शाबूत दिसे, पण एखादी रक्कम बदलली तरी बेरीज तीच राही, आणि मानकाचा भंग झाला असे मात्र कोणालाच म्हणता येत नव्हते. सूत्रांची व्याख्या २०११ च्या १.२ आवृत्तीत आली. मानक ज्या बाबतीत गप्प राहते, तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर आपला अर्थ लावते.

आपल्या अहवालाचे बहुधा हेच झाले आहे. मजकूर, तक्ते आणि शैली फाइलमध्ये कशा नोंदवाव्यात, हे मानक सांगते. ओळ नेमकी कुठे मोडायची आणि पान कुठे संपवायचे, हे बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरवर सोडलेले असते. त्यातच आपण वापरलेला फॉन्ट सहकाऱ्याच्या संगणकावर नसेल, तर त्याच्या जागी दुसरा येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळींपाठोपाठ तक्तेही सरकतात. म्हणून फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावेत, आणि मोकळ्या जागा देऊन मजकूर जुळवण्याऐवजी शैली व टॅब वापरावेत.

जपणुकीसाठी संपादनयोग्य प्रत ओडीएफमध्ये आणि अंतिम रूपाची प्रत पीडीएफ-एमध्ये (दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या पीडीएफच्या प्रकारात) ठेवावी, असे मी सुचवेन. ब्रिटिश सरकारनेही २०१४ मध्ये संपादनासाठी ओडीएफ आणि केवळ वाचनासाठी पीडीएफ-ए किंवा एचटीएमएल (वेबपानांचे स्वरूप) अशी निवड केली होती. सहकाऱ्यांसोबत काम चालू असेपर्यंत मात्र सर्वांनी एकच स्वरूप धरावे, मग ते डॉकएक्स असले तरी चालेल. कारण रूपांतराच्या प्रत्येक फेरीत काही ना काही निसटण्याचा धोका असतो. फाइलमध्ये मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) असतील, तर ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतील असे गृहीत धरू नये, कारण मॅक्रोची भाषा यांपैकी कोणत्याही मानकाने ठरवून दिलेली नाही.