उपकेंद्रातल्या सिस्टरकडे बाळंतपण सुरक्षित असतं का?

दादा, तुम्ही विचारलंय की बायकोला सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण, उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणतात इथेच होईल आणि आईचं म्हणणं घरीच सुईणीला बोलवू नाहीतर सरळ नाशिकला न्या. मी सुरगाण्याकडे २६ वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टरच होते, आता रिटायर झालेय, म्हणून लिहिते.

साधं, अडचण नसलेलं बाळंतपण सिस्टर व्यवस्थित करू शकते. पण तुमची सिस्टर कशी आहे ते ओळखायचं असेल तर तिने किती डिलिव्हऱ्या केल्या ते विचारू नका, पुढे मोठ्या दवाखान्यात कधी पाठवता ते विचारा. "माझ्याकडनं कधीच कुणाला पाठवावं लागलं नाही" म्हणाली तर मी तरी माझ्या सुनेला तिथे नेणार नाही.

आता कार्ड काढून बघा, ते माता बाल संरक्षण कार्ड. दर भेटीला बीपी लिहिलंय का? नुसता आकडा भरलाय की पट्टा खरंच दंडाला बांधला होता, हे बायकोलाच विचारा, कारण आकडे बसल्या जागी भरणारे पण बघितलेत मी. १४०/९० च्या वर गेलं, डोकं सारखं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, तर वाट बघायची नाही. झटके आले तर सिस्टर मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवायच्या इंजेक्शनचा, पहिला डोस देते, दोन्ही कुल्ल्यांवर ५-५ ग्रॅम, पण तो गाडीत घालून पाठवण्याआधीचा डोस, त्यावर उपचार संपत नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, जुळं, मूल आडवं, असं काही असेल तर उपकेंद्राचा विषयच सोडा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर फुकट तपासतात, तिथे एकदा नेऊन आणा.

कळा सुरू झाल्यावर एक चार्ट असतो, पार्टोग्राफ म्हणतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, सगळं त्यावर मांडायचं. रेघ तिरक्या लाइनच्या उजवीकडे सरकली की गाडी बोलवायची. पुष्कळ ठिकाणी तो चार्ट डिलिव्हरी झाल्यावर सावकाश बसून भरतात, मग त्याचा काय उपयोग!

आता इंजेक्शनचं नीट ऐका. ऑक्सिटोसिन. मूल बाहेर आलं, पोटात दुसरं नाही ना ते चाचपलं, की एका मिनिटाच्या आत १० युनिट. त्याने पिशवी आवळते, वार सुटते, रक्त कमी जातं. तेच औषध कळा वाढवायला म्हणून घरी किंवा उपकेंद्रात आधी दिलं तर पिशवी फाटू शकते. एका पाड्यावर कुणीतरी "लवकर सुटेल" म्हणून असं टोचलं होतं, मी पोचले तेव्हा बाळाचे ठोके लागत नव्हते आणि बाईचं पोट हात लावू देत नव्हतं. बाई वाचली, मूल नाही. म्हणून कुणीही कळांचं इंजेक्शन देतो म्हटलं तर हात धरा त्याचा. आणि हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे उपकेंद्रात गेलात की फ्रीज चालू आहे का बघून या, लाजू नका.

मूल झाल्यावर सगळे पेढे वाटायला पळतात पण खरा घोर पुढचे दोन तास असतो. मी बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसायचे, बेंबीच्या खाली पिशवीचा गोळा नारळासारखा टणक लागला पाहिजे. मऊ पडला की चोळायचा. एका रात्री बाई छान बोलत होती, चहा मागत होती, मी चादर उचलली तर खालची गादी रक्ताने ओली. चोळत चोळतच गाडीत बसले तिच्याबरोबर, घाट उतरेपर्यंत हात काढला नाही. घरी सुईण असती तर (आमच्याकडच्या म्हाताऱ्या सुईणींचे हात लई चांगले होते, नाव ठेवत नाही मी) तिच्याकडे ना ते इंजेक्शन ना सलाईन, काय करणार ती बिचारी.

त्यामुळे आईंना सांगा, घरी नको. कार्डावर सगळं ठीक असेल, सिस्टर मुक्कामी राहत असेल आणि मोठा दवाखाना तासाभरात गाठता येत असेल तर उपकेंद्र चालेल. पावसाळ्यात तारीख येत असेल आणि रस्ता तुटत असेल तर चार दिवस आधीच ग्रामीण रुग्णालयाजवळ नातेवाईकांकडे नेऊन ठेवा. सरकारी दवाखान्यात जाणं, तिथून पुढे पाठवणं, घरी सोडणं, सिझर, सगळं फुकट आहे, २०११ पासून, कुणी डिझेलचे पैसे मागितले तर देऊ नका. सरकारी गाडीचे १०२ आणि १०८ दोन्ही नंबर आहेतच, शिवाय गावातल्या जीपवाल्याचा पण ठेवा, रात्री दोनला तोच उठतो.

अजून एक, डिलिव्हरीनंतर ४८ तास तिथेच राहा. आशाताई घरी येऊन बघतील ते वेगळं.