नाकाने श्वास घ्यायचाय? आधी नाक मोकळं करा

रात्रभर नाकानेच श्वास घेतला जावा म्हणून झोपताना तोंडावर पट्टी चिकटवायची घाई नको. नाक चोंदलेलं असताना पट्टी लावणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. आधी तोंड मिटून तीन मिनिटं शांत बसा. दम लागला, तर अडचण सवयीची नसून नाकाची आहे. एक नाकपुडी कमी-जास्त चालणं मात्र नैसर्गिक. काही तासांनी बाजू बदलते.

मेट्रोच्या कामांची धूळ आणि पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी, मुंबईत नाक सुजायला एवढं पुरतं. रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुवा: पाव लिटर पाणी, सव्वादोन ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं नको; त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्यास जीवघेणा ठरतो, क्वचित का होईना. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं. धुताना तोंडाने श्वास घ्या, नंतर जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं. नाक उघडणारे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर उलट जास्त चोंदतं.

नाक हवा गाळतं, ओलसर करतं. सायनसमधला (नाकाभोवतीच्या पोकळ्यांतला) नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारा वायूही फुफ्फुसांपर्यंत जातो. तोंडाने श्वास घेतल्यास लाळ सुकते, दात किडतात. एसीत जास्तच.

शिवाजी पार्कात धावताना वेग इतका ठेवा की तोंड मिटलेलं राहील. चढाला, जोरात पळताना तोंड उघडलं तर उघडू द्या.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा मुलाचं तोंड सतत उघडं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मुलांत बहुधा ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेले असतात.