पहिली वेगवान गाडी घेताना

भावा, इलेक्ट्रिक घ्यायची की पेट्रोल, हे ठरवण्याआधी दोन्ही गाड्या स्वतः चालवून बघ, तेही भर मे महिन्यात दुपारी. आपल्या सोलापूरचं ऊन ४२-४३ अंशांवर जातं, तेव्हाच गाडीचा खरा कस लागतो.

इलेक्ट्रिकचा पहिला धक्का वेड लावतो, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देते. बीवायडी सील या इलेक्ट्रिक गाडीचं परफॉर्मन्स मॉडेल ३.८ सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठतं. पण तिचं वजन दोन टनांच्या वर आहे, ते वळणावर आणि ब्रेक दाबताना जाणवतं. सलग जोरात पळवली की बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. पुण्याला जाताना मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर असे अडीचशे किलोमीटर आहेत. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो, रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, झपाट्याने उतरते. निघण्याआधीच चार्जर हेरून ठेव.

पेट्रोल गाडीत गिअर कधी टाकायचा, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलून ताकद वाढवणारा भाग) कधी जागा होतो, हे कानाने कळतं. शिकायला मला तीच आवडते. खर्च मात्र जास्त: इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग.

रोज शहरातच फिरणार असशील आणि घरी चार्जिंग असेल, तर इलेक्ट्रिक बिनधास्त घे. आणि टायर चांगले घाल, त्यात काटकसर नको.