ड्युटी करा, सही थांबवा

प्रश्न : मी एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. नोकरीला नुकतीच ५ वर्षं पूर्ण झाली. मंदीमुळे उड्डाणं कमी झाल्यापासून आम्हा ज्युनिअर वैमानिकांच्या रोस्टरवर महिनाभर जवळजवळ स्टँडबायच (फोन आला तर ड्युटीवर जाण्यासाठी तयार राहणं) असतो आणि फोन क्वचितच येतो. आता कंपनीने एक संमतीपत्र पाठवलंय. त्यात दरमहा ७० तासांच्या पगाराच्या हमीच्या जागी ४० तासांची हमी आहे. शिवाय 'व्यवस्थापनास आवश्यक वाटेल तेव्हा' सुट्टीच्या दिवशीही फोनवर उपलब्ध राहायचं आहे. ८ दिवसांत सही केली नाही तर माझं नाव 'अतिरिक्त मनुष्यबळाच्या यादीसाठी विचारात घेतलं जाईल'. आमच्या ग्रुपवर रोज वाद चालू आहे. काहीजण म्हणतात, सगळे एकाच दिवशी आजारी पडू. सीनिअर म्हणतात, सही करा आणि नोकरी वाचवा. एक मित्र म्हणतो, राजीनामा देऊन मोकळा हो. मी काय करावं? जाता जाता, माझा ट्रेनिंग बाँडही (ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) आहे.

उत्तर : तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. त्यातही आजारी पडण्याची कल्पना आधी डोक्यातून काढून टाका. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संप धरला जातो. संपासाठी १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. 'आम्ही रजा नाही, सिक लीव्ह टाकली' असा बचाव कुणी सुचवेलही, पण ग्रुपवरचे मेसेज समोर आले की तो टिकवणं कठीण होईल. तुम्ही खरोखर थकलेले असाल, तर त्या दिवशी उड्डाण न करणं हा तुमचा हक्कही आहे आणि जबाबदारीही. मात्र तो ज्याचा त्याने, ज्या त्या दिवशी, थकव्याचा रीतसर रिपोर्ट देऊन वापरायचा असतो.

आता स्टँडबायकडे वळू. स्टँडबाय लावण्याचा अधिकार कंपनीला आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ड्युटी-वेळांच्या नियमांत (सीएआर, सेक्शन ७, सीरिज जे, भाग ३) स्टँडबायला रीतसर जागा दिलेली आहे. तो सीनिऑरिटीने द्यायचा की पाळीपाळीने, हे ते नियम सांगत नाहीत. तुमच्या करारात किंवा कंपनीच्या लेखी धोरणात तसं काही असेल, तरच त्यावर बोट ठेवता येईल. डीजीसीएला तुमच्या थकव्याशी मतलब आहे, पगाराशी नाही. त्यामुळे 'सगळा स्टँडबाय ज्युनिअरांच्याच माथी' ही तक्रार कितीही रास्त असली तरी ती घेऊन डीजीसीएकडे गेलात, तर हात हलवत परत याल.

संमतीपत्रातल्या दुसऱ्या अटीचं मात्र तसं नाही. स्टँडबायची सुरुवात आणि शेवट आधी कळवावा लागतो. तो ठरावीक काळ असतो, कधीही फोन करण्याचा परवाना नव्हे. विश्रांती म्हणजे सलग, आधी ठरलेला आणि सर्व ड्युट्यांपासून मोकळा वेळ. आठवड्याची विश्रांती तर नव्या नियमांत ३६ वरून ४८ तासांवर नेली आहे. त्या ४८ तासांत फोन उचलायचं बंधन असेल, तर तिला विश्रांती म्हणता येणार नाही. 'आवश्यक वाटेल तेव्हा' हे तीन शब्द या नियमांशी सरळ विसंगत आहेत आणि तुम्ही सही केली तरी ते कायदेशीर होणार नाहीत. विश्रांतीचा नियम प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आहे, तो तुमच्या संमतीने माफ होत नाही. सुट्टीच्या दिवशी आलेल्या प्रत्येक कॉलचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि प्रकाशित झालेला व नंतर बदललेला असे दोन्ही रोस्टर कंपनीच्या मेलवर नव्हे, स्वतःकडे जपा. ही तक्रार डीजीसीएकडे नेता येते आणि तिला वजनही असतं.

तासांची हमी ७० वरून ४० वर आणणं ही पगारकपातच. इथे तुम्ही कायद्याने 'कामगार' आहात की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो. भरपूर पगार घेणारा वैमानिक कसला कामगार, असं तुमच्या सीनिअरांनाही वाटत असेल. पण व्याख्येत पगाराची अट पर्यवेक्षकी कामापुरती आहे. कुशल, तांत्रिक काम करणाऱ्याला ती लागत नाही. वैमानिक जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार ठरतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे आणि नव्या संहितेतली व्याख्याही याबाबतीत त्याच वळणाची आहे. कॅप्टनच्या बाबतीत कंपनी 'ते पर्यवेक्षण करतात' असा वाद घालेल. तुमच्या हाताखाली कुणीच नाही, तेव्हा तुमची बाजू त्यांच्याहून भक्कम आहे.

कामगार असाल, तर पगार, भत्ते, कामाचे तास आणि विश्रांती यांत तुमच्या तोट्याचा बदल करण्यापूर्वी कंपनीला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ८ दिवसांची मुदत घालून सही मागणारं पत्र म्हणजे ती नोटीस नव्हे. कंपनीला तुमची सही इतकी हवी आहे, ती याचसाठी. संमती मिळाली की नोटिशीचा प्रश्न मागे पडतो.

म्हणून मुदत संपण्याआधी एक मेल पाठवा. लांबलचक नको, आणि रागाचा एक शब्दही नको. मजकूर साधारण असा : 'आपल्या पत्रातील प्रस्तावित बदल माझ्या सेवाशर्तींना बाधक आहेत. त्यांस माझी संमती नाही. मी रोस्टरप्रमाणे सर्व ड्युट्या करीत आहे व करीत राहीन. कमी वेतन खात्यावर जमा झाल्यास ते स्वीकारणे म्हणजे बदलास मान्यता असे समजू नये.' यातलं तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. स्टँडबायला फोन आला नि तुम्ही गेला नाहीत, तर कंपनीला कपातीचा विषय सोडून शिस्तभंगाचा विषय मिळेल. तो आयता देऊ नका.

पगारकपातीचा वाद एकट्याला नेता येत नाही, तो सामूहिकच असावा लागतो. त्यामुळे ग्रुपवरचा उत्साह आजारी पडण्यात घालवण्यापेक्षा नोंदणीकृत संघटनेमार्फत अर्ज करण्यात लावा. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. अर्ज केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायला हवा, राज्याच्या कामगार कार्यालयाकडे नव्हे. समेटाची कार्यवाही रीतसर सुरू झाली की ती चालू असेपर्यंत वादातल्या सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याला बदलता येत नाहीत.

आता 'यादी'ची भीती. ती अगदीच निराधार नाही, हे आधी सांगतो. नोकरकपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी असलेली अट विमान कंपनीला लागू नाही. मंदीचं खरं कारण असेल, तर कंपनी नोकरकपात करू शकते. मात्र त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाईही. ग्रॅच्युइटी वेगळी. शिवाय त्या-त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. हा नियम मोडायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुमच्यानंतर तुमच्याच विमानप्रकारावर फर्स्ट ऑफिसर भरती झाले असतील आणि सही न केल्यामुळे त्यांच्याआधी तुमचं नाव निघालं, तर कंपनीला ते न्यायाधिकरणासमोर समजावून सांगणं जड जाईल. नोकरी गेल्याचा वाद तुम्ही एकटेही नेऊ शकता. त्यासाठी २ वर्षांची मुदत आहे.

इथे एक मेख आहे. मासिक पगारदाराचं सरासरी वेतन मागच्या ३ पूर्ण महिन्यांवरून काढतात. आधी ३ महिने घरी बसवून फ्लाइंगचा पैसा आटवायचा आणि मग नोकरकपात करायची, असं झालं तर भरपाईही आटते. फ्लाइंग अलाउन्स वेतनात धरायचा की नाही, यावरही कंपनी का-कू करेल. मागच्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा आजच काढून ठेवा.

राहिला राजीनामा. फर्स्ट ऑफिसरला ६ महिन्यांची नोटीस (कॅप्टनला १२) डीजीसीएनेच घालून दिली आहे, तेव्हा 'मोकळा हो' हे म्हणण्याइतकं सोपं नाही. नोटीसकाळात कंपनीने पगार घटवला, तर मुदतीआधी सोडण्याची विनंती करण्याची सोय त्याच नियमात आहे. पण दिलेला राजीनामा परत घेता येईल, या भरवशावर राहू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजीनामा मागे घेतलेल्या एअर इंडियाच्या वैमानिकांना कामावर परत घ्यायला लावलं, हे खरं. पण त्याआधी २०१९ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोटीसकाळात राजीनामा मागे घेऊ दिला नव्हता. शिवाय स्वतःहून गेलात की नोकरकपातीची भरपाई मिळत नाही. दुसरीकडचं ऑफर लेटर हातात नसताना मी तरी राजीनामा देऊ देणार नाही.

कंपनी बुडेल अशी चिन्हं असतील, तर थकबाकी साचू देऊ नका. दिवाळखोरीच्या कायद्यात अवसायन झालं (कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकली) तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांचीच, आणि तीही त्यांच्या मागे. कामगार म्हणून ओळख टिकवण्याचं हे आणखी एक कारण. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही ट्रेनिंग बाँडचा ओझरता उल्लेख केला आहे. कंपनीनेच नोकरकपात केली, तर बाँडची रक्कम मागण्याला सहसा आधार उरत नाही. तुम्ही सोडलीत, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, कागदावर छापलेला आकडा आपोआप देणं लागत नाही. पण बाँडमध्ये 'कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास' असे शब्द आहेत का, आणि कोरा धनादेश दिला आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलणं बरं नाही. बाँडची प्रत पाठवा. नेमणूकपत्रातलं नोटिशीचं कलमही सोबत जोडा.